देवाचा आदर, उपासनेत आणि रोजच्या जगण्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मंडळ्यांतून (म्हणजे चर्चच्या सभासदसमूहांतून), नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांकडून, ख्रिस्ती घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांना धरून आहेत. कॅथलिक रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे. वचनांचे संदर्भ दिले आहेत ते स्वतः उघडून, मागचा-पुढचा भाग धरून वाचावेत.

१. “देवाचं भय धरा” असं सारखं सांगतात. म्हणजे देवाला घाबरून राहायचं का?

नाही. निर्गम २०:२० पाहा. सीनाय डोंगर धुमसतोय, लोक थरथर कापताहेत, आणि मोशे त्यांना एका दमात दोन गोष्टी सांगतो: भिऊ नका, आणि देवाचं भय तुमच्यापुढे राहावं, तुम्ही पाप करू नये, म्हणून तो आला आहे. एकाच वचनात एक भीती नको म्हटली आहे आणि दुसरी हवी म्हटली आहे. पहिली माणसाला पळवते. आदाम झाडांआड लपला तो त्या भीतीने. दुसरी माणसाला देवासमोर उभं करते आणि जपून वागायला लावते.

स्तोत्र १३०:४ तर आणखी पुढे जातं. तुझ्याजवळ क्षमा आहे म्हणून लोक तुझं भय धरतात, असं तिथे म्हटलं आहे. कारण क्षमेचं दिलं आहे, शिक्षेचं नाही. म्हणून मुलं दंगा करायला लागली की “देव बघतोय, शिक्षा करेल” असा धाक घालू नये, असं मी प्रत्येक आईवडिलांना कळकळीने सांगतो. लहानपणी बसलेली ती धास्ती मोठेपणी प्रार्थनेला बसू देत नाही.

२. आम्ही ख्रिस्ती नाही. मैत्रिणीचं लग्न चर्चमध्ये आहे. तिथे कसं वागायचं?

सगळे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. गुडघे टेकायची किंवा प्रार्थना म्हणायची सक्ती कुणी करणार नाही. कॅथलिक लग्नात मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) असेल तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या, वेळी रांगेत जाऊ नका, जागेवरच बसून राहा. ते फक्त कॅथलिकांसाठी असतं आणि न जाण्याचं कुणाला वाईट वाटत नाही. फोटोसाठी वेदीजवळ चढू नका. चपलांचं पुढच्या उत्तरात आहे.

३. चपला बाहेर काढायच्या की घालून आत जायचं?

दारात पाहा. चपला काढलेल्या दिसल्या तर काढा, नसतील तर तसेच आत जा. बाकं असलेल्या बहुतेक जुन्या चर्चमध्ये लोक बूट-चपला घालून बसतात. सतरंजीवर बसणाऱ्या खेड्यातल्या मंडळ्यांत आणि घरगुती उपासनेत त्या बाहेर राहतात.

जळत्या झुडपापाशी मोशेला (निर्गम ३:५) आणि यरीहोजवळ यहोशवाला (यहोशवा ५:१५) पायतण काढायला सांगितलं होतं, त्यामुळे ही रीत फक्त आपल्या शेजारधर्मातून आली असं म्हणणाऱ्यांनी ती वचनं वाचावीत. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने मिस्सेसाठी बारा स्थानिक रूढींना मान्यता दिली. पादत्राणं काढणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणं, आरती या त्यांतल्याच. त्या कुठे, किती पाळायच्या हे बिशपांवर सोडलं होतं, म्हणून दोन गावांत दोन रीती दिसतात.

४. बायकांनी डोक्यावर पदर घेतलाच पाहिजे का? आमच्या मुली जीन्स घालून येतात, मागच्या बाकावरून टोमणे बसतात.

१ करिंथ ११ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रेषित पौलाने हे लिहिलं आहे आणि ते वाचून ज्या बहिणी पदर घेतात त्यांचा मान राखला पाहिजे. कित्येक मराठी मंडळ्यांत प्रार्थना सुरू झाली की पदर आपोआप डोक्यावर जातो. त्या हालचालीत खरी भक्ती असते. कॅथलिक चर्चमध्ये १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी डोकं झाकावं असा नियम होता, १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही.

पण तोच अध्याय पुढे करून टोमणे मारणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ११:५ मध्ये स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीत धरतो. त्यांना बोलायला उभं न करता फक्त पदराचा आग्रह धरणं म्हणजे अर्धंच वचन पाळणं. आणि ११:४ पुरुषांसाठी आहे: डोकं झाकून प्रार्थना करू नये. टोपी घालून बसलेल्या काकांना कुणी टोकल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझं मत सरळ आहे. पदर स्वतःच्या डोक्यावर घ्यावा, दुसरीच्या डोक्यावर लादू नये. भर उपासनेत मागून टोकल्यामुळे जी मुलगी रडत बाहेर जाते ती पुढच्या रविवारी येत नाही.

५. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आता टेकता येत नाहीत. बसून प्रार्थना केली तर चालेल का?

चालेल, अगदी मोकळ्या मनाने बसा. शास्त्रात शलमोन गुडघे टेकून प्रार्थना करतो (१ राजे ८:५४), एज्राने ग्रंथ उघडला तेव्हा लोक उभे राहिले (नहेम्या ८:५), आणि येशूच्या दाखल्यातला जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो व नीतिमान ठरून घरी जातो (लूक १८:१३-१४). इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने तर रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत उभं राहूनच प्रार्थना करावी असं ठरवलं होतं, कारण ते पुनरुत्थानाचे दिवस. म्हणजे गुडघे टेकणं हाच एक मान, असं चर्चच्या इतिहासातही नाही.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी मात्र आळसाने हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

६. टाळ्या, ढोलकी, नाचणं हे सगळं उपासनेत शोभतं का? आमचे आजोबा म्हणतात, हा तमाशा झाला.

२ शमुवेलचा ६ वा अध्याय दोन्ही पिढ्यांनी एकत्र बसून वाचावा. त्यात कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) सावरायला हात लावणारा उज्जा जागीच मरतो, आणि त्याच कोशापुढे दावीद सगळं बळ लावून नाचतो तेव्हा देव रागावत नाही. खिडकीतून पाहून तुच्छ मानणाऱ्या त्याच्या बायकोला, मीखललाच बोल लागतो. कोश खांद्यांवर दांड्यांनी वाहायचा असं सांगितलेलं असताना तो गाडीवर घातला होता. १ इतिहास १५ मध्ये दावीदच कबूल करतो की आम्ही विधीप्रमाणे देवाला शोधलं नाही. तेव्हा घात झाला तो देवाने जे सांगितलं होतं ते सोयीसाठी गुंडाळल्यामुळे. आवाजाला किंवा उड्यांना तिथे दोष दिलेला नाही.

वाद्यांचं म्हणाल तर पेटी, तबला, टाळ मराठी उपासनेत नवे नाहीत. अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) मंडळीत एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन होत होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली ते वारले तोपर्यंत ओवी-अभंगाच्या चालीत इतकी भक्तिगीतं लिहिली की आजही क्वचितच एखादा रविवार त्यांच्याशिवाय जातो. पूर्वरंग, उत्तररंग, हातात चिपळ्या आणि विषय येशूचा: त्या काळी हेही कुणाला तरी खटकलंच होतं.

तरी आजोबांच्या तक्रारीत तथ्य असतं. स्पीकर इतका मोठा की शेजारी गातोय की नाही हे कळत नाही, पुढचे तीन जण गातात आणि मंडळी बघत उभी राहते. असं झालं की तो कार्यक्रम होतो. मंडळीचा आवाज ऐकू येतोय का, एवढं तपासा. आणि सबंध तासात दोन मिनिटं शांतता ठेवा. हबक्कूक २:२० मध्ये सगळ्या पृथ्वीने परमेश्वरासमोर स्तब्ध राहावं असं म्हटलं आहे. आपल्या उपासनेत ती जागाच उरलेली नाही.

७. मी पापी आहे, लायक नाही. म्हणून बरीच वर्षं प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेत नाही. हाच देवाचा आदर ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा फार प्रामाणिक माणसांकडून येतो. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत वयस्कर माणसं ताट जवळ आलं की हात जोडून पुढे जाऊ देतात. त्यांच्या मनात १ करिंथ ११:२७ असतं: जो अयोग्य रीतीने खाईल, पिईल तो दोषी ठरेल.

पण पौल कशाबद्दल लिहितोय ते त्याच अध्यायात सहा वचनं आधी आहे. करिंथात खातेपिते लोक आधीच जेवून घ्यायचे, कष्टकरी उशिरा यायचे आणि उपाशी राहायचे. एक भुकेला, दुसरा प्यालेला. गरिबांना खाली बघायला लावून प्रभूच्या मेजावर बसणं, ही ती अयोग्य रीत. लायक माणसानेच यावं असं तो म्हणत नाही, कारण मग पाळकसाहेबांसकट कुणालाच येता आलं नसतं. स्वतःची परीक्षा करावी आणि खावं, असं तो म्हणतो (११:२८). परीक्षेनंतर घरी जावं, असं नाही.

थांबायला खरंच एक कारण आहे. कुणाशी वैर असेल, भावाभावांत बांधावरून किंवा वाटणीवरून बोलणं बंद असेल, तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. तिथेही शेवट “मग ये आणि अर्पण कर” असा आहे. आपल्याकडे उलटं होतं: दोन भाऊ एकाच ताटातली भाकर घेतात, एक उजव्या दारातून जातो, दुसरा डाव्या; आणि तिसराच कुणी भिडस्त माणूस स्वतःला पापी समजून उपाशी राहतो. तुम्ही तो तिसरा असाल तर येत्या वेळी हात पुढे करा.

कॅथलिकांसाठी: गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन, मग कम्युनियन, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं लांब राहण्यापेक्षा फादरांकडे जावं.

८. सकाळी चहा-नाश्ता करून गेलं तर चालतं का? मला शुगर आहे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा नियम नाही, ज्याची त्याची शिस्त. कॅथलिकांत कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, १९६४ पासून हा एक तास आहे. पाणी आणि औषधाने उपास मोडत नाही. वयोवृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना सूट आहे. शुगर असेल तर खाऊन जा. चक्कर येऊन पडण्यात कसलाही मान नाही.

९. भाकरीचा तुकडा खाली पडला तर? उरलेल्या भाकरीचं आणि द्राक्षरसाचं काय करायचं?

गडबडून जाऊ नका. पडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवा किंवा खा, आणि लहान मुलाच्या हातून पडला असेल तर त्याच्यावर डोळे वटारू नका. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकर पडली तर आदराने उचलतात, ख्रिस्ताचं रक्त मानल्या जाणाऱ्या द्राक्षरसाचा थेंब सांडला तर ती जागा पाण्याने धुऊन ते पाणी खास कुंडात ओततात. उरलेली भाकर वेदीजवळच्या पेटीत राहते आणि आजाऱ्यांना नेली जाते.

अँग्लिकन परंपरेच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात उरलेलं तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवावं असं सांगितलं आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली, तेव्हा प्रत्येकीची सवय सोबत आली; म्हणून शेजारच्या मंडळीत वेगळं दिसलं तर नवल नाही. कुठे मातीत ओततात, कुठे वडील मंडळी संपवतात.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आशीर्वचन झालं की सगळे चहाकडे वळतात आणि मागच्या खोलीत एकटी सेविका लहान-लहान पेले गरम पाण्यात एकेक करून धुते, तळाशी वाळलेला लाल डाग बोटाने घासून काढते, पांढऱ्या फडक्यावर पालथे घालते. तरुण मुलांनी आळीपाळीने ते काम घ्यावं. मेजाचा आदर तिथपर्यंत जायला हवा.

१०. बायबल जमिनीवर ठेवलं तर पाप लागतं का? आणि फाटलेल्या जुन्या बायबलचं काय करावं?

पाप लागत नाही. मान म्हणून उंचावर ठेवता ती चांगली सवय आहे, पण कपाटावर कापडात बांधून ठेवलेलं आणि न उघडलेलं बायबल मानात आहे असं समजू नका. यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली (यिर्मया ३६:२३). देवाने तेच शब्द यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्याकडून पुन्हा लिहून घेतले, वर आणखी भर घातली. वचन कागदाबरोबर जळत नाही.

जुनी प्रत काढून टाकण्याआधी तिची पहिली आणि शेवटची कोरी पानं नक्की बघा. आपल्या घरांत तिथे शाईने जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. कित्येकांच्या आजीच्या जन्माची नोंद दुसरीकडे कुठेच नसते. ती पानं जपा. बाकीचं पुरावं किंवा आदराने जाळावं. रद्दीत देऊ नये, कारण पाहणाऱ्याच्या मनाला लागतं.

मोबाईलवर वाचलं तरी चालतं. फक्त शास्त्रपाठाच्या वेळी वर येणारे मेसेज बंद ठेवा.

११. “देवाशपथ”, “ओ माय गॉड” म्हणणं तिसऱ्या आज्ञेत (देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको) येतं का? कोर्टात शपथ घ्यावी लागली तर?

तोंडाची सवय म्हणून देवाचं नाव घेणं सोडावं. येशूने शपथच वाहू नका, होय तर होय, नाही तर नाही म्हणा, असं सांगितलं (मत्तय ५:३४-३७). कोर्टात तुमचा विवेक आड येत असेल तर शपथ अधिनियम १९६९ प्रमाणे देवाच्या नावाने शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. तसं आधी सांगावं. बहुतेक मंडळ्या मात्र कोर्टातली शपथ गैर मानत नाहीत.

निर्गम २०:७ चा मोठा भंग मला दुसरीकडे दिसतो. “देवाने मला सांगितलंय, तुझं लग्न याच्याशीच व्हायचं आहे.” “देवाने दाखवलं, तुम्ही एवढी रक्कम द्या.” स्वतःची इच्छा देवाच्या सहीने खपवणं हे त्याचं नाव व्यर्थ घेणंच आहे, आणि ते व्यासपीठावरून होतं तेव्हा अधिकच. असं कुणी सांगितलं तर घाई करू नका, चार जाणत्या माणसांना विचारा.

१२. मी बाप्तिस्मा घेतला, आईवडील हिंदू आहेत. त्यांच्या पाया पडू का?

पडा. मोशे आपल्या सासऱ्याला, इथ्रोला, सामोरा गेला आणि त्याने वाकून नमन केलं (निर्गम १८:७). इथ्रो मिद्यानचा याजक होता. याकोबाने एसावाला सात वेळा नमन केलं. मान देणं आणि देव मानणं यांतला फरक शास्त्राला ठाऊक आहे: कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं, “मीही माणूसच आहे” (कृत्ये १०:२५-२६), कारण तिथे नमन उपासनेकडे झुकलं होतं.

काही मंडळ्यांत हे अजिबात मान्य नसतं, आणि कुणाचा विवेकच आड येत असेल तर त्याने हात जोडून, मिठी मारून मान द्यावा. पण “मी आता ख्रिस्ती आहे” म्हणून आईसमोर ताठ उभं राहणाऱ्याने पाचवी आज्ञा (आईबापांचा मान राख) पुन्हा वाचावी. ज्या घरात बाप्तिस्म्यानंतर मुलगा अधिक प्रेमाने वागू लागतो तिथलं दार हळूहळू उघडतं.

१३. ऑफिसातली पूजा, शेजारचा प्रसाद: घ्यायचा की नाही?

पौलाने दोन्ही बाजू लिहिल्या आहेत आणि मंडळ्या त्यातूनच वेगवेगळ्या ठरवतात. १ करिंथ १०:१४-२२ प्रमाणे दुसऱ्या उपासनेत भागी व्हायचं नाही. १०:२५-२९ प्रमाणे बाजारातलं, कुणी जेवायला वाढलेलं, विचारत न बसता खावं. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी टाळावं. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रसाद घेत नाहीत.

तुमचा निर्णय काहीही असो, नाकारताना हात जोडा आणि हसून सांगा. घेऊन कचऱ्यात टाकू नका. शेजारणीने प्रेमाने आणलेलं ताट फटकन नाकारून देवाचा मान वाढत नाही.

नोकरीमुळे पूजेत नुसतं हजर राहावंच लागत असेल तर २ राजे ५:१८-१९ वाचा. अरामी सेनापती नामान म्हणतो, राजाला आधार देताना मला रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल, परमेश्वराने क्षमा करावी. अलीशा त्याला म्हणतो, शांतीने जा. याच शास्त्रात दानीएलाचे तीन मित्र मात्र भट्टीत जातात पण वाकत नाहीत. नामानाचं मन परमेश्वराकडे आहे हे अलीशाला कळलं होतं. भट्टीच्या गोष्टीतल्या राजाला मात्र नेमकी उपासनाच हवी होती. तुमचा प्रसंग कोणत्या बाजूचा आहे ते पाळकांशी बोलून ठरवा.

१४. कॅथलिक लोक क्रूसापुढे, मरियेच्या पुतळ्यापुढे वाकतात. हे चुकीचं नाही का?

त्यांच्या शिकवणीप्रमाणे ती उपासना नाही. इ.स. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने प्रतिमांना दिलेला मान आणि फक्त देवाची उपासना असा भेद केला. आपण प्रॉटेस्टंट तो भेद पुरेसा मानत नाही, आणि तसं म्हणायला हरकत नाही. पण वसईत वाटेवरच्या क्रूसापाशी थबकून छातीवर क्रूसाची खूण करणाऱ्या म्हातारीच्या मनात काय आहे, ते तिला न विचारता ठरवू नये.

१५. आमच्या मंडळीत लग्न ठरवताना अजूनही “मूळचे कोण?” असं विचारतात. याचा देवाच्या आदराशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि चपला, पदर, टाळ्या यांवर जेवढे वाद होतात त्याच्या दहापट यावर व्हायला हवेत. याकोब २:१-४ मध्ये सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणं हे विश्वासाच्या विरुद्ध म्हटलं आहे. नीतिसूत्रे १४:३१ म्हणतं, दुबळ्याला छळणारा त्याच्या निर्माणकर्त्याचा अपमान करतो.

महाराष्ट्रात आपल्या आजोबा-पणजोबांनी येशूच्या मेजावर काय पाहिलं होतं? ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं आणि जे एकमेकांच्या हातचं पाणीही घेत नव्हते, ते एका भाकरीतले तुकडे घेऊ लागले. आज त्याच मंडळीत स्थळ आलं की मागच्या दाराने चौकशी होते, निवडणुकीत वडील मंडळींची मतं जातीवर फिरतात. पौलाने करिंथला जे लिहिलं (प्रश्न ७) ते अशाच सभेला लिहिलं होतं. हे चालू ठेवून केलेली उपासना, कितीही शांत आणि शिस्तीची असो, यशया १:१३-१५ मध्ये देवाने नकोशी म्हटली आहे. पाळकांनी यावर व्यासपीठावरून बोलावं, आणि आईवडिलांनी पुढचं स्थळ येईल तेव्हा तो प्रश्न न विचारता बोलणी करावीत.

१६. रविवारी ड्यूटी असते: नर्स आहे, कधी रात्रपाळी. घरी आले की मोबाईलवर उपासना लावते आणि झोप लागते. अपराधी वाटतं.

शब्बाथ माणसासाठी झाला, असं येशूनेच सांगितलं (मार्क २:२७). रात्रभर रोग्यांची उठबस करून आलेल्या माणसाने झोपावं. उठल्यावर एक स्तोत्र वाचा, आणि आठवड्यात एखाद्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जा, म्हणजे माणसांची सोबत तुटणार नाही. परदेशात मराठी मंडळी नसल्याने मोबाईलवर उपासना पाहणाऱ्यांनाही हेच: जवळच्या कोणत्याही मंडळीत जात राहा.

ज्यांना यायला जमतं पण अंथरुणातून चहा पीत पाहणं बरं वाटतं, त्यांनी मलाखी १:८ वाचावं. लंगडं, आंधळं जनावर अर्पण करणाऱ्यांना देव विचारतो: हे तुझ्या सुभेदाराला देऊन बघ, तो खूश होईल का?

१७. माझा मुलगा गेला. मी देवावर चिडले, ओरडले. अंत्यविधीला मला म्हणाले, रडू नकोस, देवाचा अपमान होतो.

ताई, अपमान झालेला नाही. ईयोबाने देवाला याहून कठोर शब्द ऐकवले, आणि शेवटी देवाने त्याच्या धार्मिक मित्रांना सांगितलं की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (ईयोब ४२:७). देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करणाऱ्यांनाच त्याच्याकडून प्रार्थना करवून घ्यावी लागली. येशू लाजाराच्या कबरीपाशी रडला, आणि क्रूसावरून “माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असं मोठ्याने ओरडला.

स्तोत्र १३ सहा वचनांचं आहे आणि चार वेळा “कुठवर?” विचारतं. बोलायला शब्द सुचत नसतील तेव्हा ते मोठ्याने वाचा, हवं तितक्या वेळा. पाचवं-सहावं वचन आज म्हणवत नसेल तर चौथ्यावर थांबा. मंडळीतल्या एखाद्या बहिणीला जवळ बसवून उरलेलं तिला म्हणायला सांगा.